मीठ, बर्फ आणि दुधातलं पाणी



जत्रेतला कुल्फीवाला तुम्ही पाहिलाच असेल. ओलं लाल फडकं गुंडाळलेला मटका, आत बर्फाचा चुरा, चुऱ्यात खोचलेले पत्र्याचे निमुळते साचे. मधूनमधून तो बर्फावर मूठभर जाडं मीठ टाकतो आणि मटका गदागदा हलवतो. मीठ कशाला टाकतोस म्हणून विचारलं तर तो सांगतो, मिठानं थंडी वाढते. आता मीठ काही स्वतः थंड नसतं. आपल्या फडताळातल्या बरणीत हात घातला तर ते बरणीइतकंच गार किंवा गरम लागतं. मग थंडी येते कुठून?

या एका प्रश्नामागे माणसं तीनशेच्या वर वर्षं लागली आहेत. त्यात बादशहाचं मुदपाकखाना आहे, अमेरिकेतली एक मास्तरीण आहे, फ्रान्समधला एक प्राध्यापक आहे. आणि शेवटी ही गोष्ट आपल्या दूध संकलन केंद्राच्या काट्यापाशी येऊन थांबते. तुमच्या दुधात पाणी आहे की नाही, हे आज ज्या परीक्षेनं पक्कं ठरतं, ती परीक्षा म्हणजे कुल्फीवाल्याच्या मिठाचीच नात आहे. म्हणून आजचा वेळ या इतिहासाला.

आधी गोष्टीतली मुख्य खूण समजून घेऊ. साधं पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं. त्याला गोठणबिंदू म्हणतात. पाण्यात काहीही विरघळवलं, मीठ असो, साखर असो, नाहीतर सोडा, की ते पाणी शून्याला गोठत नाही. त्याला आणखी थंडी लागते. समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. का बरं? हादग्याचा फेर डोळ्यांपुढे आणा. सगळ्या मुली एकमेकींचा हात धरून गोल उभ्या राहतात. गर्दीत मध्येमध्ये परकी माणसं घुसली तर हाताला हात लागत नाही, फेर जमायला वेळ लागतो. पाण्याचे कण गोठताना असाच फेर धरतात. मिठाचे कण त्यांच्यामध्ये येतात आणि फेर मोडत राहतो. पुरेशी कडक थंडी पडली तरच तो जमतो. दाखला म्हणून एवढं पुरे. खरं तर बर्फाच्या कडेला दर क्षणी काही कण चिकटत असतात आणि काही सुटत असतात. खारट पाण्यात चिकटणारे कमी पडतात, सुटणारे मात्र तेवढेच राहतात. म्हणून बर्फ वितळत जातो.

आणि वितळणं फुकट होत नाही. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येतं. चुलीवर हंडा ठेवून बघा, किती लाकूड जातं ते. मीठ टाकल्यावर बर्फाला वितळणं भाग पडतं, पण जाळ तर कुठेच नाही. मग तो उष्णता आजूबाजूनं ओढतो, म्हणजे साच्यातल्या दुधातून, मटक्यातून आणि स्वतःतूनही. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ चांगलं मिसळलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. कुल्फीच्या दुधात साखर असल्यामुळे तेही शून्याला गोठत नाही, दोन-तीन अंश खालीच जावं लागतं. म्हणून नुसत्या बर्फात साचा दिवसभर ठेवला तरी कुल्फी व्हायची नाही. मीठ हवंच.

आता मागे जाऊ. आपल्याकडे बर्फ नव्हता तेव्हा गारव्यासाठी दुसरी युक्ती होती. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था लिहून ठेवली आहे. बंदुकीच्या दारूत जो सोरा पडतो, तोच पाणी गार करायला वापरत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. त्या गार झालेल्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची तोंड बंद केलेली सुरई फिरवत राहायची. आग लावणारी वस्तू थंडावा देते, याचं अबुल फजललाही कौतुक वाटलं होतं. पुढे दरबार लाहोरला गेला आणि १५८६ च्या सुमारापासून डोंगरातला बर्फ नावांतून आणि माणसांच्या पाठीवरून येऊ लागला. सोऱ्याची गोष्ट आणि बर्फात मीठ घालण्याची गोष्ट दिसायला सारखी असली तरी एक नाही. सोरा विरघळताना थंडी करतो, मीठ बर्फाला वितळवून थंडी करतं. पण दोन्हींमुळे माणसाला एक कळलं, की थंडी फक्त हिवाळ्यातच मिळते असं नाही, तीही घरात करता येते.

थंडी मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न. जर्मन घराण्यातला, डान्झिग शहरात १६८६ मध्ये जन्मलेला डॅनिएल फॅरेनहाइट हा काचेची उपकरणं बनवणारा कारागीर. पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर त्यानं बनवला. पण नळीवर शून्य कुठे लिहायचं? त्याला अशी जागा हवी होती जी कुठल्याही गावात, कुठल्याही महिन्यात पुन्हा तशीच तयार करता येईल. १७२४ साली त्यानं छापून सांगितलं की बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी म्हणजे शून्य. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच. नुसतं पाणी आणि बर्फ यांच्या मिश्रणाला त्यानं ३२ आकडा दिला. आशाताईंच्या पिशवीतल्या थर्मामीटरवर आपण ताप ९८, १०० असा वाचतो, ते फॅरेनहाइटचेच अंश. मुलाला १०१ ताप आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्या आकड्याची सुरुवात एका खारट बर्फाच्या भांड्यात झालेली असते.

याच फॅरेनहाइटला आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. काचेच्या बंद गोळ्यात ठेवलेलं पाणी गोठण्याइतकं थंड होऊनही रात्रभर पातळच राहिलं आणि नंतर धक्का बसताच एका क्षणात त्यात बर्फाच्या सुया पसरल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिची गरज पडणार आहे.

त्याच शतकात आपल्या देशात एक फार सुंदर काम चाललं होतं. इंग्रज सरदार रॉबर्ट बार्करनं १७७५ मध्ये ते लिहून लंडनला पाठवलं. अलाहाबादसारख्या ठिकाणी, जिथे तलाव कधी गोठत नाही, तिथे लोक मोकळ्या मैदानात साधारण तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणत. तळाशी उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर अंथरत. त्यावर न भाजलेल्यासारखी सच्छिद्र, पसरट, जेमतेम बोटभर खोल मातीची भांडी मांडून संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतत. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला तर पहाटे सूर्य उगवायच्या आत त्यात बर्फाच्या चकत्या तयार. खालून जमिनीची ऊब चिपाडांनी अडवलेली, बाजूनं मडक्यातून पाणी पाझरून सुकताना गारवा, आणि वरून पाण्याची उष्णता उघड्या आभाळाकडे निघून जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दवबिंदू गोठल्याचा फोटो दर एक-दोन वर्षांनी पेपरात येतो, तेव्हाही तिथली हवा शून्याच्या वरच असते, कारण हेच.

बार्करचं नाव इतिहासात राहिलं. रात्री कुठलं आभाळ बर्फ देईल हे नुसत्या वाऱ्यावरून ओळखणाऱ्या, हजारो भांडी मांडून पहाटे चकत्या गोळा करणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहिली नाहीत. आमच्या मते या साऱ्या गोष्टीतले पहिले शास्त्रज्ञ तेच. तो बर्फ खड्ड्यात दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवत आणि मग त्यातच मीठ व सोरा घालून सरबतं नि मलई गोठवत.

१७८८ मध्ये लंडनला चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरनं एक साधं, चिकाटीचं काम केलं. पाण्यात थोडं मीठ घातलं, गोठणबिंदू मोजला. दुप्पट घातलं, पुन्हा मोजला. मीठ दुप्पट तर गोठणबिंदूची घसरणही दुप्पट, असा हिशेब त्याला मिळाला. मग त्यानं सोरा, नवसागर अशा इतर क्षारांवरही तेच केलं. प्रत्येकाची घसरण वेगवेगळी, पण प्रत्येकात हिशेब सरळ. यातलं महत्त्व असं, की आता उलटंही विचारता येऊ लागलं. एखादं पाणी किती अंशाला गोठतं ते मोजा आणि त्यात किती विरघळलंय ते सांगा. न चाखता, न आटवता.

मधल्या काळात आपल्याकडे बर्फाचं सोंग वेगळंच झालं. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्युडर नावाच्या व्यापाऱ्यानं तिकडच्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीनं कापून, भुशात गुंडाळून जहाजानं जगभर विकायला काढला. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईत बर्फ उतरला, गोदीजवळ बर्फघर उभं राहिलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईत अजून सांगतात. खरा असो वा नसो, 'गार खाऊ नकोस, घसा धरेल' हे वाक्य तेव्हापासूनचं असणार असं आम्हाला वाटतं. मद्रासचं बर्फघर अजून समुद्रकाठी उभं आहे. बर्फाचे कारखाने निघाले आणि हा धंदा बसला.

पण बर्फ मिळाला म्हणजे आइस्क्रीम झालं असं नाही. ते करणं हे हाताचं हाल होतं. बर्फ-मिठाच्या बादलीत दुधाचं भांडं ठेवायचं, कडेला गोठलं की काढून खरवडायचं, ढवळायचं, पुन्हा ठेवायचं. तास-दीड तास हेच. न ढवळता ठेवलं तर दुधाचा दगड होतो आणि दाताखाली बर्फाचे खडे येतात.

इथे आली नॅन्सी जॉन्सन. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली बाई. नवरा वॉल्टर जॉन्सन रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक. ९ सप्टेंबर १८४३ रोजी नॅन्सीबाईंना एका यंत्राचं पेटंट मिळालं. बाहेर लाकडी बादली, तिच्यात बर्फ आणि मीठ. आत पत्र्याचा उभा डबा, त्यात दूध. डब्यात भोकं पाडलेल्या फळ्यांची एक रवी आणि झाकणावर फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की रवी कडेचं गोठलेलं खरवडून आत ढकलते आणि आतलं पातळ दूध कडेला येतं. आपल्या ताकाच्या रवीची आणि बर्फ-मिठाची गाठ घालून दिली, एवढंच त्यांनी केलं, असं कुणी म्हणेल. पण ते त्याआधी कुणी केलं नव्हतं. आणि यातल्या शास्त्राचा विचार करा. थंडी बाहेरून येते, ती मधल्या दुधापर्यंत पोचायला वेळ लागतो. सतत हलवलं तर गोठणारे कण बारीक राहतात, मोठे होऊ शकत नाहीत. साखर असल्यामुळे सगळं पाणी गोठत नाही, थोडं गोड पाकासारखं पातळ राहतं, म्हणून आइस्क्रीम चमच्यानं कापता येतं.

त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणं कायद्यानं अवघड होतं. अशा वेळी पेटंटच्या कागदावर नॅन्सी जॉन्सन हे नाव आलं. पाच वर्षांनी विल्यम यंग नावाच्या माणसानं त्या यंत्रात सुधारणा करून आपलं पेटंट घेतलं, तरी यंत्र जॉन्सनबाईंच्या नावानंच ओळखलं गेलं. पुढे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी त्या दक्षिणेकडच्या बेटांवर गेल्या. उन्हाळ्यात आपल्याकडे लग्नात किंवा जत्रेत जे पॉटचं आइस्क्रीम मिळतं, लाकडी पिंप आणि वर दांडा, ते थोड्याफार फरकानं त्यांचंच यंत्र. ज्या गटांना उन्हाळी धंदा बघायचा आहे, त्यांनी या पॉटकडे एकदा नीट बघावं. वीज लागत नाही, मीठ मात्र भरपूर लागतं.

आता फ्रान्सकडे. ग्रेनोबल या डोंगराळ गावात फ्रान्स्वा-मारी राउल्ट नावाचे रसायनाचे प्राध्यापक होते. ब्लॅग्डेननं पाहिलं होतं की प्रत्येक पदार्थाची घसरण वेगळी. राउल्टनी साखर, अल्कोहोल, युरिया असे कितीतरी पदार्थ पाण्यात विरघळवून गोठवले. १८८२ च्या सुमाराला त्यांना जे दिसलं, ते ऐकण्यासारखं आहे. पदार्थ कोणता, जड की हलका, याला महत्त्वच नाही. महत्त्व आहे ते पाण्यात त्याचे रेणू किती आहेत, याला. गोठणबिंदू वजन बघत नाही, डोकी मोजतो. ग्रामसभेत हात वर करायला सांगितलं तर कुणाची किती एकर जमीन हे कुणी विचारत नाही, एका बाईचा एक हात. तसंच हे.

एक लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घातली तर गोठणबिंदू १.८६ अंशानं खाली जायला हवा. युरियाचे तेवढेच रेणू फक्त ६० ग्रॅममध्ये असतात. म्हणजे ६० ग्रॅम युरिया जे काम करतो, त्यालाच साखर ३४२ ग्रॅम लागते. युरियाचा रेणू लहान, साखरेचा मोठा. या युक्तीनं राउल्ट आणि त्यांच्यामागून आलेले लोक डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचं वजन काढू लागले. गोठवून वजन करायचं! आम्हाला तर हे सोनाराच्या तराजूहून मोठं कौतुक वाटतं.

फक्त मीठ या हिशेबात बसेना. ५८ ग्रॅम मिठाचे रेणू मोजले तर घसरण पावणेदोन-दोन अंश यायला हवी होती, यायची साडेतीनच्या जवळ, म्हणजे जवळजवळ दुप्पट. याचं उत्तर स्वीडनच्या स्वान्त अर्हेनियस या तरुणानं १८८७ मध्ये दिलं. मीठ पाण्यात पडलं की प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात, म्हणून डोकी दुप्पट. याच विचाराचा त्यानं १८८४ मध्ये प्रबंध लिहिला तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं होतं. १९०३ मध्ये त्याच माणसाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कुल्फीवाला साखर न टाकता मीठ का टाकतो, याचंही उत्तर यात आलं. एका किलो मिठात साखरेच्या कितीतरी पट डोकी, आणि वर ती फुटून दुप्पट होतात. शिवाय स्वस्त.

आता आपल्या दारात येऊ.

दूध म्हणजे पाण्यात विरघळलेली दुधाची साखर आणि क्षार, आणि त्यात तरंगणारी स्निग्धता व प्रथिनं. फॅटचे थेंब विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. प्रथिनांचे गोळे मोठे, पण डोकी थोडी. म्हणून गोठणबिंदू या दोघांना जवळजवळ मोजतच नाही. तो मोजतो साखर आणि क्षार. म्हशीचं दूध सात टक्के फॅटचं असो की गाईचं साडेतीनचं, दोन्ही उणे अर्ध्या अंशाच्या जरा खाली, साधारण ०.५१ ते ०.५५ या दरम्यान गोठतात.

हा आकडा इतका स्थिर का, याचं कारण गाईच्या शरीरात आहे. दूध रक्तापासून तयार होतं. कासेत दुधाच्या आणि रक्ताच्या बाजूला विरघळलेली डोकी सारखी ठेवली नाहीत तर पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढलं जाईल. म्हणून रक्ताचा गोठणबिंदू आणि दुधाचा गोठणबिंदू जवळजवळ एकच. दवाखान्यात सलाईन ०.९ टक्के मिठाचंच का असतं, त्याचं कारणही हेच, तेही याच्या आसपासच गोठतं. जनावराला दगडी झाली, म्हणजे कासेचा दाह, की दुधाची साखर कमी होते आणि दूध खारट लागतं, हे आपल्याला माहीत आहे. साखर घटली म्हणून शरीर मीठ वाढवून तोल राखतं. दुधाची चव बिघडते, पण गोठणबिंदू फारसा हलत नाही.

या दुधात पाणी घातलं की डोकी विरळ होतात आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. शंभर लिटरला एक लिटर पाणी घातलं तर फरक अंशाच्या दोनशेव्या भागाएवढा. इतकं बारीक मोजायला तसाच थर्मामीटर आणि तशीच सवय लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले रसायनतज्ज्ञ ज्युलियस हॉर्टव्हेट यांनी १९२१ मध्ये त्याचं यंत्र आणि रीत ठरवून दिली. त्याला क्रायोस्कोप म्हणतात. मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत आजही तो असतो, फक्त आता विजेवर चालतो.

मग गावात काय असतं? लॅक्टोमीटर. दूध किती जड ते सांगणारी तरंगती नळी. तिला आपण डिग्री म्हणतो. डिग्री बसली नाही की दूध नाकारलं. या नळीला फसवणं सोपं आहे. साय काढली की दूध जड होतं, मग पाणी घालून पुन्हा खुणेवर आणता येतं. आणि उलट, प्रामाणिक दुधालाही ती चोर ठरवू शकते. धारेचं कोमट दूध हलकं असतं, नळी बुडते, डिग्री कमी दिसते. तेच दूध गार करून दोन-तीन तासांनी मोजलं तर डिग्री वाढलेली असते. त्याच दुधात कुणी काही घातलेलं नसतं.

आमच्या ऐकणाऱ्यांपैकी एका ताईंनी फोन करून सांगितलं की उन्हाळ्यात त्यांच्या दोन गाईंच्या दुधाची डिग्री लागेना. चारा सुका, सरकी परवडत नाही. केंद्रावर रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यांना विचारलं गेलं, पाणी किती घातलं? त्या म्हणाल्या, आठ दिवस त्या रस्त्यानं गेले नाही, नवऱ्याला पाठवलं. मैत्रिणींनो, पोटाला कमी पडलेल्या जनावराच्या दुधात फॅट सोडून इतर घन पदार्थ कमी भरतात, ज्याला पावतीवर एसएनएफ म्हणतात. लॅक्टोमीटरला ते दूध आणि पाणी घातलेलं दूध एकसारखं दिसतं. क्रायोस्कोपला दिसत नाही. गाईनं पातळ दूध दिलं तरी त्यात डोकी रक्ताइतकीच असावी लागतात. विहिरीच्या पाण्यात ती नसतात.

यात एक गोम आहे. आता पुष्कळ केंद्रांवर छोटं यंत्र असतं, नळी दुधात बुडवली की मिनिटात फॅट, एसएनएफ, पाण्याची टक्केवारी आणि कधीकधी 'एफपी' म्हणजे गोठणबिंदूही पावतीवर छापून येतो. हे यंत्र दूध गोठवत नाही. ते दुधातून बारीक आवाजाच्या लहरी पाठवतं, त्यावरून फॅट आणि एसएनएफ काढतं, आणि पाणी व गोठणबिंदू हे आकडे त्यावरून हिशेबानं मांडतं. म्हणजे एसएनएफ कमी असलं की पाण्याचा रकाना आपोआप भरतो. रोजच्या खरेदीला हे यंत्र ठीक आहे, झटपट आहे. पण एखाद्या बाईला त्या रकान्यावरून खोटी ठरवणं, याला आमचा विरोध आहे. भांडण झालं तर दूध नीट ढवळून दोन बाटल्या भराव्यात, दोन्हींवर सही आणि तारीख, एक आपल्याकडे बर्फात, एक केंद्राकडे, आणि प्रयोगशाळेत खरं गोठवून बघण्याची मागणी करावी. गोठ्यातल्या खात्रीच्या धारेचा, साक्षीदारासमोर काढलेला नमुनाही सोबत द्यावा.

क्रायोस्कोपही देव नाही. दुधात साखर, मीठ किंवा युरिया घातला तर गोठणबिंदू खाली जातो आणि पाणी लपतं. आता तुमच्या लक्षात आलं असेल, युरियाचा रेणू लहान म्हणून चिमूटभरही पुरतो. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. दूध नासायला लागलं तरी आकडा चुकतो, कारण दुधाच्या एका साखरेचे फुटून आम्लाचे जास्त रेणू होतात, डोकी वाढतात. म्हणून नमुना ताजा आणि गार हवा.

प्रयोगशाळेत जाऊन ही परीक्षा होताना बघण्याची संधी मिळाली तर सोडू नका. काचेच्या छोट्या नळीत दोन-अडीच मिलिलिटर दूध, म्हणजे अर्धा चमचा. त्यात केसासारखी बारीक तापमानाची काडी. आकडा शून्याच्या खाली जातो, उणे एक, उणे दोन, उणे तीनच्या जवळ, आणि दूध अजून पातळच. फॅरेनहाइटच्या काचेच्या गोळ्यातलं पाणी आठवा. मग यंत्र नळीला एक धक्का देतं. दूध त्या क्षणी गोठू लागतं, आणि आकडा खाली जायचा सोडून झरकन वर चढतो, कारण वितळताना बर्फ जी उष्णता ओढून घेतो, ती गोठताना दूध परत देतं. वर चढत चढत तो एका जागी येऊन स्थिर होतो. चांगल्या दुधाला ती जागा उणे ०.५४ च्या आसपास असते, आणि त्याच आकड्याखाली परीक्षक सही करतो.